ऱ्होड्सचा राजवाडा, कोसची फरशी

वाचकहो, ‘मोझेक’ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांना जुन्या घरातली फरशी आठवेल. सिमेंटमध्ये संगमरवराचे कपचे घालून केलेली, मशीनने घासून गुळगुळीत केलेली, उन्हाळ्याच्या दुपारी जिच्यावर उघड्या अंगाने आडवे व्हावे अशी. गच्ची गळू नये म्हणून फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून केलेले ‘चायना मोझेक’ही बेळगावच्या पावसाने आपल्याला शिकवले आहे. या दोन्ही फरश्यांचा एक फार दूरचा पूर्वज भूमध्य समुद्राच्या काठी आहे. त्याचे आणि एका राजवाड्याचे दर्शन आम्हा उभयतांना एका प्रवासात एकाच दिवशी घडले. त्या दिवसाची हकिगत मी सांगणार आहे, पण निव्वळ प्रवासवर्णन म्हणून नव्हे. तिथे पाहिलेल्या एका गोष्टीचा आपल्या सीमाभागातील देवळांशी, बस्त्यांशी आणि शिलालेखांशी जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. तो संबंध आपल्यापुढे मांडावा, एवढाच हेतू.

आधी मोझेक म्हणजे काय ते पाहू. ग्रीक लोकांनी सुरुवातीला समुद्रकाठचे काळे-पांढरे गोटे निवडून जमिनीत बसवले आणि त्यांतून चित्रे काढली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या अशा गोट्यांच्या फरश्या उत्तर ग्रीसमध्ये, अलेक्झांडरच्या पेल्ला या राजधानीत सापडल्या आहेत. पुढे गोट्यांच्या जागी दगडाचे आणि काचेचे लहान चौकोनी तुकडे आले. तुकडा जितका लहान, तितकी रंगछटा नाजूक. चेहऱ्यासाठी तर काही मिलिमीटरचे तुकडे वापरीत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने फरशीचे थर सांगितले आहेत. तळाशी मुठीपेक्षा लहान नसलेले दगड, त्यावर खडी आणि चुना, त्यावर कुटलेल्या कौलांची भुकटी घातलेला चुना, आणि सर्वांत वर तुकड्यांची नक्षी. हे वाचताना आपल्या जुन्या गवंड्यांची सुरखी आठवल्यावाचून राहत नाही.

हे थर सांगण्याचे कारण आहे. मोझेक हे भिंतीवर टांगायचे चित्र नव्हे. ते जमिनीचा आणि घराचा भाग असते. ग्रीक-रोमन घरांतील जेवणाच्या दालनात बैठकी भिंतीलगत मांडत. म्हणून कडेची फरशी साधी ठेवून मधोमध चित्र काढीत. चित्राचे तोंड कोणत्या बाजूला आहे, साधा पट्टा किती रुंद आहे, उंबरठ्यापाशी काय काढले आहे, यावरून पाहुणा कुठून येई आणि यजमान कुठे बसे हे आज दोन हजार वर्षांनीही कळू शकते. फरशी जागेवर असेल तरच. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता ऱ्होड्सला चला. एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून हे बेट आहे. लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या तीन नगरांनी एकत्र येऊन ख्रिस्तपूर्व ४०८ मध्ये ऱ्होड्स शहर वसवले. जगातल्या सात आश्चर्यांत गणला गेलेला सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा इथलाच. तो उभा राहिल्यावर साठ वर्षेही झाली नाहीत तोच भूकंपात पडला. आम्ही पाहिले ते मात्र त्या प्राचीन शहराच्या डोक्यावर उभे असलेले मध्ययुगीन गाव. जाडजूड तट, खोल खंदक, दगडी गल्ल्या. १९८८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हा तट उभारणाऱ्यांची ओळख करून देताना मला वैद्य म्हणून जरा आस्था वाटते. अकराव्या शतकात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक रुग्णालय-धर्मशाळा निघाली. ती चालवणाऱ्या सेंट जॉनच्या संघाला १११३ मध्ये पोपची मान्यता मिळाली. पुढे या सेवेकऱ्यांच्या हाती तलवारही आली. १२९१ मध्ये अक्का शहर पडले आणि ‘पवित्र भूमी’ त्यांच्या हातून गेली. सायप्रसमध्ये काही वर्षे काढून चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ऱ्होड्स जिंकले. दोनशेहून अधिक वर्षे ते तिथले राज्यकर्ते होते. त्यांच्या प्रमुखाला ग्रँड मास्टर म्हणत. त्याचा राहता गढीवजा महाल म्हणजेच आजचा ऱ्होड्सचा राजवाडा.

या संघाची एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाला विशेष वाटेल. युरोपच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या सरदारांचे गट ‘भाषा’ या नावाने ओळखले जात. प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, अरागॉन, इंग्लंड, जर्मनी अशा सात भाषा होत्या, पुढे कॅस्टील वेगळी होऊन आठ झाल्या. प्रत्येक भाषेचा वाडा निराळा. एवढेच नव्हे, शहराच्या तटाचा एकेक भाग एकेका भाषेकडे राखणीला दिलेला. भाषावार प्रांतरचना आपण ऐकली आहे. इथे भाषावार तट होता! १४८० मध्ये तुर्की आरमाराचा वेढा या तटाने परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला. सहा महिने वेढा चालला, शेवटी तह झाला, आणि १५२३ च्या पहिल्या दिवशी सरदारांनी बेट सोडले. पुढे ते माल्टाला स्थिरावले.

आमचा दिवस राजवाड्यापासून सुरू झाला. दोन गोल बुरुजांमधले प्रवेशद्वार, आत फरसबंद चौक, चारी बाजूंनी दालने. वर जाणारा रुंद जिना चढताना मनात एकच विचार येतो, की सहाशे-सातशे वर्षांची ही इमारत इतकी धडधाकट कशी? कडा झिजलेल्या नाहीत, पायऱ्यांना खळगे पडलेले नाहीत. नाडी पाहायची सवय असलेल्या माणसाला ही प्रकृती संशयास्पद वाटते. उत्तर प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवरी पाटीवर आहे. तीवर इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल, मुसोलिनी आणि ऱ्होड्सचा गव्हर्नर दे व्हेकी यांची नावे आहेत, आणि वर्ष फॅसिस्ट कालगणनेतले, अठरावे.

घडले ते असे. तुर्की अमदानीत राजवाड्याचा तुरुंग झाला आणि त्याची रया गेली. १८५६ मध्ये शेजारच्या सेंट जॉनच्या चर्चखालच्या दारूगोळ्याच्या कोठारावर वीज पडली. स्फोटात चर्च उद्ध्वस्त झाले, राजवाड्याचा वरचा भाग कोसळला, आसपासच्या वस्तीतली असंख्य माणसे मेली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिथे भग्नावशेष होते. १९१२ मध्ये इटलीने तुर्कांकडून ही बेटे घेतली, १९२३ च्या लोझानच्या तहाने ती इटलीच्या नावावर पक्की झाली. १९३६ मध्ये दे व्हेकी गव्हर्नर म्हणून आला. मुसोलिनीच्या रोमवरील मोर्चाच्या चार म्होरक्यांपैकी तो एक. त्याच्या कारकिर्दीत, १९३७ ते १९४० या काळात, व्हिट्टोरियो मेस्टुरिनो या वास्तुविशारदाने राजवाडा पुन्हा उभा केला. राजाने आणि मुसोलिनीने इथे येऊन राहावे असा बेत होता. दोघांपैकी कुणालाच तो उपभोगता आला नाही. महायुद्धाने तो बेत गिळला. १९४७ च्या पॅरिस तहाने बेटे ग्रीसकडे आली.

म्हणजे आपण जो ‘मध्ययुगीन राजवाडा’ पाहतो, त्याच्या खालच्या भागात जुने बरेच आहे, पण वरचा मजला बहुतांशी विसाव्या शतकाचा आहे. जुना वरचा मजला नेमका कसा होता याचा पुरेसा पुरावा हाताशी नसताना तो कल्पनेने भरून काढला. आत फिरताना हे जाणवत राहते. भव्यता आहे, पण ती सरदारांच्या काळाची कमी आणि ज्याला साम्राज्य दाखवायचे होते त्या राजवटीची अधिक.

आता दालनांतल्या जमिनीकडे पाहा, कारण आपण त्यासाठीच आलो आहोत. एका दालनात मध्यभागी मेदूसाचे मस्तक आहे. केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे पाहणारा दगड होतो अशी ही ग्रीक पुराणातली स्त्री. दुसऱ्या दालनात नऊ म्यूझ, म्हणजे कलाविद्यांच्या नऊ देवता, एकेका चौकटीत. कुठे समुद्री घोड्यावर बसलेली जलपरी, कुठे डॉल्फिन, कुठे वाघीण. काही दालनांत नुसत्या भौमितिक वेलबुट्ट्या, त्या सुरुवातीच्या ख्रिस्ती चर्चमधल्या. दोरीच्या अलीकडे उभे राहून वाकून पाहावे. मेदूसाच्या गालावरची छटा बदलताना दगडाचे रंग किती बारकाईने निवडले आहेत हे पाहून हात जोडावेसे वाटतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला तो अनामिक कारागीर दिवसभर गुडघ्यांवर बसून काम करीत असला पाहिजे. त्याच्या गुडघ्यांची आणि कमरेची काय अवस्था झाली असेल, हा विचार माझ्या धंद्यामुळे मनात आलाच.

पण ही फरशी या राजवाड्याची नाही. ती ऱ्होड्सचीही नाही. ती आली आहे कोस या दुसऱ्या बेटावरून, सुमारे शंभर किलोमीटरवरून. १९३३ च्या एप्रिलमध्ये कोसला मोठा भूकंप झाला आणि गावाचा बराच भाग जमीनदोस्त झाला. ढिगारे उपसताना खालचे प्राचीन शहर उघडे पडले. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तिथे मोठे उत्खनन केले. घरे, रस्ते, स्नानगृहे, चर्च, आणि फरश्याच फरश्या. त्यांतल्या निवडक देखण्या फरश्या उचलून ऱ्होड्सच्या नव्या-जुन्या राजवाड्यात बसवल्या. फरशी उचलण्याची रीत अशी, की पृष्ठभागावर सरस लावून कापड चिकटवायचे, वाळल्यावर खालून चुन्याचा थर तोडायचा, मोठ्या फरशीचे तुकडे करायचे, आणि नव्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या पाठीवर पुन्हा जुळवायचे. व्हिट्रुव्हियसने सांगितलेले थर कोसला राहिले. वरची कातडी तेवढी ऱ्होड्सला आली.

आता मघाची अट आठवा. मेदूसाचे हे दालन मेदूसासाठी बांधलेले नाही. पाहुणा कुठून येत होता, बैठक कुठे होती, शेजारी कोणती खोली होती, हे या फरशीवरून आता समजत नाही. ज्या चर्चच्या जमिनीवर भाविकांनी पाय ठेवायचे, ती जमीन एका हुकूमशहाच्या स्वागतकक्षाची शोभा झाली. पाहुणचार उत्तम, पण माणूस परक्या घरी.

योगायोग असा, की कोस हे हिपोक्रॅटिसचे बेट. ख्रिस्तपूर्व ४६० च्या सुमारास तो तिथे जन्मला. त्याच्या नावाने चालत आलेले ग्रंथ सुमारे साठ आहेत. ते सर्व त्याचेच नाहीत, पण वैद्यकाचे सगळे पंथ त्याला आपला म्हणतात. समानाने समानाचा उपचार हा आमच्या होमिओपॅथीचा विचार त्या ग्रंथांत एके ठिकाणी भेटतो आणि विरुद्धाने विरुद्धाचा उपचार दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे भांडणाला भरपूर वाव आहे! पण त्या संग्रहात ‘हवा, पाणी आणि जागा’ या विषयावरचा जो ग्रंथ आहे, त्याविषयी मतभेद होऊ नये. वैद्याने परक्या गावात गेल्यावर प्रथम काय पाहावे? वारे कोणत्या दिशेने वाहतात, पाणी कसे आहे, माती कशी आहे, गाव कोणत्या उतारावर आहे, लोक कसे राहतात. म्हणजे रोग कळायचा तर आधी जागा कळली पाहिजे. ज्या बेटाचे नाव या शिकवणीशी कायमचे जोडले गेले, त्या बेटाच्या फरश्या जागेवरून उचलल्या गेल्या.

कोसला आम्ही वेगळा दिवस काढून फेरीबोटीने गेलो. तिथल्या वस्तुसंग्रहालयात एक फरशी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली असावी. आरोग्यदेव अस्क्लिपिअस होडीतून कोसच्या किनाऱ्यावर उतरतो आहे. एक नागरिक हात उंचावून स्वागत करतो आहे आणि दुसऱ्या बाजूला हिपोक्रॅटिस बसला आहे. हीही एका घरातून उचललेलीच. पण ती त्याच गावात आहे, ज्या किनाऱ्यावर देव उतरला तो किनारा हाकेच्या अंतरावर आहे, आणि म्हणून चित्राचा अर्थ शाबूत आहे. याच गावात पश्चिमेकडच्या उत्खननात बैलाच्या पाठीवरून पळवून नेल्या जाणाऱ्या युरोपाची फरशी मूळ जागीच ठेवली आहे.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उघड्यावरच्या फरशीला ऊन, पाऊस, गवताची मुळे आणि बेफिकीर पावले यांचा त्रास होतो. म्हणून अशा फरश्या बरेचदा वाळूखाली झाकून ठेवाव्या लागतात. राजवाड्यातल्या फरशीला छप्पर आहे, पहारा आहे, आणि वर्षाला हजारो लोक तिला पाहतात. मात्र काँक्रीटची पाठही निर्धोक नाही. त्यातली लोखंडी सळी गंजून फुगते आणि वरचे तुकडे सुटू लागतात, हा अनुभव जगभरच्या संग्रहालयांना आला. म्हणून आज जाणकारांचे मत बदलले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन तत्त्वे स्पष्ट आहेत. पहिले, स्मारक आणि त्याची जागा यांची ताटातूट अगदी नाइलाजाखेरीज करू नये. दुसरे, जिथे तर्काला सुरुवात होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. फरश्यांच्या जतनासाठी १९७७ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समितीही शक्यतो जागच्या जागी जतनाचाच आग्रह धरते. ऱ्होड्सचा राजवाडा या दोन्ही तत्त्वांच्या आधीचा आहे आणि दोन्हींचा भंग करणारा आहे.

दुपारी आम्ही सरदारांच्या गल्लीतून खाली उतरलो. दोन्ही बाजूंना त्या ‘भाषां’चे वाडे. गल्ली अगदी स्वच्छ, एकसारखी. तुर्की काळात या वाड्यांना लाकडी सज्जे काढले होते, त्यांत कुटुंबे राहत होती. इटालियनांनी ते सज्जे काढून टाकले. त्यांना इथे लॅटिन युरोप दाखवायचा होता, मधली चारशे वर्षे अडचणीची होती. दे व्हेकीच्या काळात शाळांतून ग्रीक भाषेलाही जागा उरू दिली नाही. दगडावरचा तुर्की थर खरवडणे आणि मुलांच्या तोंडची ग्रीक काढून घेणे या दोन गोष्टी एकाच कचेरीतून निघाल्या होत्या. हे वाचणारा वाचक बेळगावचा, निपाणीचा, खानापूरचा असेल तर मी त्याला अधिक समजावून सांगायला नको.

गल्लीच्या टोकाला सरदारांचे रुग्णालय आहे. १४४० मध्ये काम सुरू झाले, १४८९ मध्ये पुरे झाले. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरचा सुमारे ५० मीटर लांबीचा वॉर्ड पाहून माझे पाय थबकले. मधून दगडी खांबांची एकच ओळ, दोन्ही बाजूंना खाटांची जागा, आणि दाराच्या वर बाहेर काढलेले प्रार्थनेचे कोनाडे, म्हणजे रुग्णाला खाटेवरून प्रार्थना दिसावी. या संघाच्या नियमांत रुग्णांना ‘आमचे स्वामी’ म्हटले आहे. जेरुसलेमच्या रुग्णालयासाठी ११८२ मध्ये केलेल्या नियमांत, लघवी पाहून निदान करू शकणारे चार वैद्य ठेवावेत अशी तरतूद आहे. याच संघाने समुद्रावर लूटमार केली, गुलाम बाळगले, आणि तट बांधताना प्राचीन इमारतींचे दगड खुशाल वापरले. समोरच्या किनाऱ्यावरील बोद्रुमचा किल्ला त्यांनी बांधला तेव्हा सात आश्चर्यांपैकी दुसरे एक, मौसोलस राजाची समाधी, तिचे दगड त्या भिंतींत गेले. १८४६ मध्ये त्यांतले शिल्पपट्ट काढून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेले. हे म्युझियम लक्षात ठेवा.

संध्याकाळी जुन्या यहुदी मोहल्ल्यात गेलो. १५७७ मधले काहाल शालोम हे प्रार्थनामंदिर अजून उभे आहे, आणि त्याची जमीन काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीची आहे. गोटे जमिनीत बसवण्याची ही कला त्या बेटांवरच्या घराघरांच्या अंगणात टिकून राहिली आहे. १९४४ च्या जुलैमध्ये जर्मनांनी इथले यहुदी उचलून ऑशविट्झला पाठवले. दीड हजारांहून अधिक माणसे गेली, परत आली ती फार थोडी. राजवाड्यात फरशी आहे पण तिचे घर नाही. इथे घर आहे, फरशी जागेवर आहे, तिच्यावर चालणारी माणसे नाहीत. त्या मंदिरात आम्ही बराच वेळ गप्प बसून राहिलो. उन्हाळ्यात तिकडे सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे आमच्यासारख्या चौविहार पाळणाऱ्यांना जेवणाची घाई नव्हती.

वाचकहो, आता घरी परत येऊ. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्या सर्वांना माहीत आहे. रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्याच्या काळी, त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये ती बांधली. आत नेमिनाथ भगवंतांची मूर्ती आहे आणि छताला जे दगडी कमळ आहे त्यावरून बस्तीला नाव पडले. त्या काळच्या जिनालयाची हकिगत सांगणारे दोन कन्नड शिलालेख मात्र किल्ल्यात नाहीत. ते लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एल. डी. बार्नेट यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात प्रसिद्ध केले म्हणून आपल्याला वाचता तरी येतात. बोद्रुमच्या समाधीचे शिल्पपट्ट आणि बेळगावचे शिलालेख आज एका छपराखाली आहेत. किल्ल्याच्या तटात आणि आतल्या इमारतींत जुन्या देवळांचे घडीव दगड दिसतात, तेही बोद्रुमसारखेच.

शिलालेख जागेवरून हलला की काय होते याचे उत्तम उदाहरण मराठी माणसाच्या हृदयात कोरलेले आहे. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी चामुंडरायाने ‘करविले’ असे सांगणारी जुन्या मराठीतली ओळ आहे. शेजारी तीच गोष्ट कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही आहे. त्या ओळीत काय करविले ते लिहिलेले नाही. लिहायची गरजच नव्हती, कारण वर मान केली की ५७ फुटांचे भगवंत उभे आहेत. ती ओळ कापून कुठल्या संग्रहालयात नेली असती तर तिचा अर्धा अर्थ डोंगरावरच राहिला असता. आणि तिन्ही भाषा एकाच पायाशी नांदताहेत हे तर कुणाला दिसलेच नसते.

सीमाभागात आपण शिलालेखाकडे बरेचदा सातबाऱ्याच्या नजरेने पाहतो. लेख मराठीत निघाला तर जमीन आमची, कन्नडमध्ये निघाला तर त्यांची. आमच्या मराठीवर अन्याय झाला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो प्रश्न आज बोलणाऱ्या माणसांच्या हक्काचा आहे. तो त्यांच्या शाळांचा, कचेऱ्यांचा, मतांचा प्रश्न आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाला त्यात साक्षीला उभे करायला लागलो, की नको असलेला थर खरवडायचा मोह होतोच, दोन्हीकडच्यांना. ऱ्होड्सची गल्ली त्या मोहाचे फळ आहे. दिसायला सुंदर, आणि चारशे वर्षांनी कमी.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या समाजाला उद्देशून आहे. जीर्णोद्धाराचे पुण्य नवे जिनालय बांधण्याहून कमी नाही, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. ते खरे मानतो म्हणूनच बोलतो. बस्ती हे संग्रहालय नव्हे. तिथे रोज अभिषेक व्हायचा, दिवा लागायचा, छप्पर गळत असेल तर बदलायचे. यात वाद नाही. पण खेडोपाडी फिरताना काय दिसते? काळ्या दगडाच्या भिंतीवर चकचकीत टाइल्स, कोरीव खांबांवर ऑइलपेंट, पायरीला उलटा लावलेला लेखाचा दगड, अक्षरांत भरलेला चुना, आणि जुन्या मूर्तीला कुठून कुठे हलवले याची नोंद कुठेच नाही. हे कुणी दुष्टपणे करत नाही. भक्तीने करतात, वर्गणी काढून करतात. पण परिणाम तोच. जागा उरते, तिचा इतिहास निघून जातो.

आपली परंपरा याबाबत फार काटेकोर होती. धातूच्या जुन्या जिनप्रतिमेची मागची बाजू पाहा. संवत, तिथी, दात्याचे नाव, कुणाच्या श्रेयार्थ, कुणाच्या हस्ते प्रतिष्ठा, सगळे कोरलेले असते. आजच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर देणगीदारांची नावे आणि रकमा असतात. तिथे आधी काय होते, ते मात्र नसते. ऱ्होड्सच्या त्या फॅसिस्ट पाटीबद्दल कुणाला प्रेम वाटणार नाही, पण ग्रीकांनी ती काढली नाही आणि ते बरे झाले. तिच्यामुळेच येणाऱ्याला कळते की हा वाडा कुणाच्या राजवटीत नव्याने उभा राहिला. नव्या कामाने आपण नवे आहोत हे सांगितले, तर जुन्यावर अन्याय होत नाही.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. आपल्या गावच्या बस्तीचे, देवळाचे, मशिदीचे, वाड्याचे काम निघाले तर पहिली कुदळ पडण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा, मापे घ्या, आणि एका वहीत कोणता दगड, कोणती मूर्ती कुठे आहे याचा नकाशा काढा. अक्षरे दिसली तर ती कोणत्या भाषेची आहेत हे न पाहता पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा आणि त्यांच्याकडून ठसा घेववा. दगडावर रंग, ॲसिड, पॉलिश मशीन चालवू नका. मूर्ती किंवा लेख हलवावाच लागला तर मूळ जागी लहानशी पाटी लावा. आणि काम पुरे झाल्यावर देणगीदारांच्या यादीखाली आणखी चार ओळी लिहा. आधी काय होते, आपण काय बदलले, कोणत्या साली.

वही, टेप आणि मोबाइल एवढ्यावर हे काम होते. पर्युषण आणि दसरा-दिवाळीच्या आधी आपल्याकडे देवळांची रंगरंगोटी निघते. यंदा ती निघण्यापूर्वी एक रविवार त्यासाठी काढावा, आणि घरातल्या शाळकरी मुलांना बरोबर न्यावे, ही आपणा सर्वांना नम्र विनंती.